पोर्टप्रॉक्सीचा नियम दिसतो, पण काउंटर जोडला जात नाही

भाऊ, आधी तुमची अडचण मला जशी समजली तशी मांडतो. नागपूरला इतवारीत तुमचं स्पेअर पार्टचं दुकान. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर १९२.१६८.१.१० या मशीनवर, ८०८१ पोर्टवर चालायचं (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं एक दार). त्याची नवी आवृत्ती आता १९२.१६८.१.२५ या नव्या मशीनवर, ९०९० पोर्टवर बसवली आहे. काउंटरचे पीसी आणि बारकोडची हातातली यंत्रं यांच्यात मात्र जुनाच पत्ता कोरलेला आहे, आणि यंत्रांतला तो बदलता येत नाही. म्हणून तुम्ही जुनं मशीन चालूच ठेवलं आणि त्याच्यावर नेटएसएच या विंडोजच्या कमांडने ८०८१ वर येणारी जोडणी नव्या मशीनच्या ९०९० कडे वळवली; या वळवण्यालाच पोर्टप्रॉक्सी म्हणतात. नियम यादीत दिसतो. त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये ८०८१ उघडलं तर बिलिंगचं पान येतं. काउंटरवरून मात्र काहीच होत नाही. शिवाय रात्री मानेवाड्याच्या घरून स्टॉक बघता यावा, हीही इच्छा आहे.

पुढच्या कमांड मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजी ठेवा, आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

तुमचा नियम असा असणार:

नेटएसएच इंटरफेस पोर्टप्रॉक्सी ॲड व्ही४टूव्ही४ लिसनॲड्रेस=१९२.१६८.१.१० लिसनपोर्ट=८०८१ कनेक्टॲड्रेस=१९२.१६८.१.२५ कनेक्टपोर्ट=९०९०

यात चूक नाही. संशय फायरवॉलवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजच्या पहाऱ्यावर आहे, आणि तोही एका विशिष्ट कारणाने. जुनं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा विंडोजने एक खिडकी दाखवून परवानगी मागितली असेल आणि कुणीतरी ‘अलाउ’ दाबलं असेल. ती परवानगी पोर्टला मिळत नाही, त्या प्रोग्रामच्या फाइलला मिळते. आता ८०८१ वर तो प्रोग्राम बसलेलाच नाही. तिथे विंडोजची आयपी हेल्पर ही सेवा बसली आहे, आणि ती एसव्हीसीहोस्ट या प्रक्रियेच्या पोटात चालते. म्हणजे वर्षानुवर्षं उघडं असलेलं दार तुमच्या डोळ्यांदेखत बंद झालं आणि कुणी सांगितलंही नाही. मशीनने स्वतःशीच केलेली जोडणी फायरवॉल अडवत नाही, म्हणून तिथल्या ब्राउझरमध्ये पान दिसतं. पोर्टच्या नावाने नवी परवानगी द्या:

नेटएसएच ॲडव्हफायरवॉल फायरवॉल ॲड रूल नेम="बिलिंग ८०८१" डिर=इन ॲक्शन=अलाउ प्रोटोकॉल=टीसीपी लोकलपोर्ट=८०८१ रिमोटआयपी=लोकलसबनेट

शेवटचा तुकडा गाळू नका. तो असला की परवानगी दुकानातल्या नेटवर्कपुरतीच राहते. आणि फायरवॉल सरसकट बंद करून ‘चालतंय का’ बघायची सवय असेल तर ती सोडा. बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करायचं दुकानाच्या घाईत कुणाला आठवत नाही.

बहुतेक एवढ्याने काम होईल. पण पुढच्या महिन्यात दुसरंच काहीतरी अडेल, म्हणून आत काय घडतं ते थोडं सविस्तर सांगतो.

पोर्ट वळवला म्हणजे तार एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचली, असा बहुतेकांचा समज असतो. पोर्टप्रॉक्सीत तसं होत नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा व्यापारी अडत्याशी सौदा करतो, शेतकरीही अडत्याशीच करतो, आणि दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. इथे जुनं मशीन तो अडत्या आहे. काउंटर ते जुनं मशीन ही एक पूर्ण टीसीपी जोडणी (टीसीपी म्हणजे आधी जोडणी लावून मग बोलायची पद्धत). जुनं मशीन ते नवं मशीन ही दुसरी, तितकीच स्वतंत्र. मधली सेवा इकडचे बाइट तिकडे आणि तिकडचे इकडे करत राहते. या साधनाच्या सगळ्या तऱ्हा या एका गोष्टीतून निघतात.

पहिली तऱ्हा चाचणीत दिसते. काउंटरच्या पीसीवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.१० -पोर्ट ८०८१ असं चालवलं आणि शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं, की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. पण त्या ‘ट्रू’चा अर्थ एवढाच की मधल्या मशीनने फोन उचलला. मागे नवं मशीन बंद पडलेलं असलं तरी हेच उत्तर येऊ शकतं, कारण पहिली जोडणी आधी पूर्ण होते आणि दुसरी नंतर सुरू होते. मागचं दार बंद असेल तर जोडणी लागते आणि लगेच तुटते. ‘लागली आणि तुटली’ असं दिसलं की मधल्या मशीनकडे बघत बसू नका, मागच्याकडे जा. ‘बराच वेळ थांबून टाइमआउट’ दिसलं तर बहुधा फायरवॉल. लगेच ‘नाकारली’ असं आलं तर त्या पोर्टवर बहुधा कुणी बसलेलंच नाही.

म्हणून दोन्ही अर्धे वेगवेगळे तपासायचे. काउंटरवरून .१० च्या ८०८१ ला, आणि .१० वर बसून .२५ च्या ९०९० ला (.१० म्हणजे जुनं मशीन, .२५ म्हणजे नवं). दुसरी चाचणी काउंटरवरून करून उपयोग नाही, कारण नव्या मशीनशी बोलणारा काउंटर नाहीच.

मधल्या मशीनवर कोण बसलंय ते नेटस्टॅट -एएनओ सांगतं. त्यात ८०८१ ची ‘लिसनिंग’ ओळ शोधा, शेवटच्या रकान्यातला प्रक्रिया क्रमांक घ्या आणि टास्कलिस्ट /एसव्हीसी च्या यादीत तो क्रमांक बघा. समोर आयपीएचएलपीएसव्हीसी दिसलं पाहिजे. तिथे जुन्या बिलिंगचंच नाव दिसलं, तर ते सॉफ्टवेअर विंडोजसोबत आपोआप सुरू होतंय आणि तुमच्या नियमाच्या आधी पोर्ट पकडून बसतंय. आणि ओळच नसेल तर आयपी हेल्पर सेवा बंद आहे. पीसी ‘फास्ट’ करून देणारे लोक ही सेवा बिनकामाची समजून बंद करतात. नियम मात्र यादीत तसाच दिसत राहतो, कारण नियमांची यादी दाखवणारी शो ऑल ही कमांड रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, काय लिहिलंय ते वाचून दाखवते. प्रत्यक्ष कुणी ऐकतंय का हे ती बघत नाही. सेवा दर वेळी विंडोजसोबत आपोआप सुरू व्हावी, यासाठीची कमांड:

एससी कॉन्फिग आयपीएचएलपीएसव्हीसी स्टार्ट= ऑटो

यात बरोबरच्या चिन्हानंतरची मोकळी जागा हवीच.

रजिस्ट्रीत नोंद असल्याने मशीन रीस्टार्ट झालं तरी नियम जात नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लाइन कधी जाईल याचा भरवसा नसतो. परत आल्यावर राउटर, स्विच आणि पीसी आपापल्या क्रमाने जागे होतात. .१० हा पत्ता राउटरकडून डीएचसीपीने, म्हणजे आपोआप वाटपातून, मिळत असेल, तर दोन प्रकारे घोळ होतो. एक म्हणजे राउटर दुसराच पत्ता देतो. दुसरं म्हणजे सेवा सुरू होते त्या क्षणी पत्ता मिळालेलाच नसतो, आणि ज्या पत्त्यावर ऐकायचं तोच नसल्याने ती ऐकत नाही. मग सकाळी नोकर सांगतो, ‘सर्व्हर चालू आहे, पण बिल निघत नाही’. आयपी हेल्पर रीस्टार्ट केली की चालतं, आणि कारण न कळल्याने तो रोजचा उपाय होऊन बसतो. त्यापेक्षा पत्ता मशीनवरच पक्का लिहा आणि राउटरच्या वाटपाच्या यादीतून .१० वगळा. जाता जाता, सर्व्हर कूलरच्या झोतात ठेवला असेल तर हलवा. ओली हवा मदरबोर्डला मानवत नाही.

दुसरी तऱ्हा हिशोबाच्या लोकांना आधी जाणवते. नव्या सर्व्हरच्या लॉगमध्ये यापुढे सगळी बिलं १९२.१६८.१.१० वरून आलेली दिसतील. कोणत्या काउंटरने कोणतं बिल रद्द केलं हे तुम्ही आयपी पत्त्यावरून ओळखत असाल, तर ते संपलं. याचीच दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फक्त अमुक पत्त्यांनाच प्रवेश’ अशी यादी असेल आणि त्यात .१० असेल, तर .१० च्या ८०८१ पर्यंत पोचणारा कुणीही आत येतो. दुकानाचं वायफाय गिऱ्हाइकाला देत असाल तर तोही. म्हणून पहारा आता मधल्या मशीनवर ठेवायचा. फायरवॉलच्या नियमात ‘लोकलसबनेट’ऐवजी काउंटरांचे आणि यंत्रांचे पत्ते स्वल्पविराम देऊन लिहिलेत तर आणखी चांगलं.

तिसरी मर्यादा थोडक्यात. पोर्टप्रॉक्सी फक्त टीसीपी वळवते, यूडीपी (जोडणी न लावता पाकीट पाठवायची दुसरी पद्धत) नाही. बिलिंगचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर या सॉफ्टवेअरच्या, वेगळं नाव दिलेल्या इन्स्टन्सवर (प्रतीवर) असेल, तर क्लायंट आधी यूडीपी १४३४ वर ‘कोणता पोर्ट’ असं विचारतो. तो प्रश्न मधल्यामध्येच हरवतो. तिथे पोर्ट पक्का करायचा आणि सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन तो लिहायचा. फाइल पाठवायचं एफटीपीही अशा वळणावर अडतं, कारण २१ वर नुसतं बोलणं होतं आणि फाइल वेगळ्याच जोडणीने येते. टॅलीची ९००० वरची एक्सएमएल देवाणघेवाण साध्या टीसीपीवर असल्याने निमूट वळते.

चौथी गोष्ट ब्राउझरवाल्यांची. नवं सॉफ्टवेअर लॉगिननंतर ब्राउझरला स्वतःच्याच पूर्ण पत्त्यावर, म्हणजे .२५ च्या ९०९० वर पाठवत असेल, तर ब्राउझर अडत्याला टाळून थेट तिकडे जातो. दुकानात ते चालून जाईल आणि कुणाला कळणारही नाही. घरून उघडाल तेव्हा मात्र पहिलं पान येईल आणि दुसरं अडकेल. पोर्ट वळवणारं साधन बाइट पोचवतं, मजकूर वाचत नाही, त्यामुळे आतला पत्ता ते बदलू शकत नाही. तिथे एनजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी (वेब सर्व्हरच्या पुढे बसणारा मध्यस्थ प्रोग्राम) लागतो. तो एचटीटीपी ही वेबची भाषा समजतो आणि मूळ काउंटरचा पत्ताही हेडरमध्ये पुढे देऊ शकतो.

आता माझं खरं मत. जुनं मशीन निव्वळ अडत्या म्हणून चालू ठेवू नका. ते बंद पडलं की धडधाकट नवं सर्व्हर असूनही दुकान थांबणार. आधी सॉफ्टवेअरवाल्याला एक साधा प्रश्न विचारा: पोर्ट ९०९० च का? सेटिंगमध्ये ८०८१ करता येत असेल तर करून घ्या. मग जुनं मशीन बंद करून त्याचा .१० हा पत्ता नव्या मशीनला दुसरा पत्ता म्हणून द्या. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या टीसीपी/आयपी गुणधर्मांत ‘ॲडव्हान्स्ड’खाली एकाच कार्डाला अनेक पत्ते देता येतात; त्यासाठी पहिला पत्ताही पक्का हवा. काउंटरांना काही कळणारही नाही, आणि वळवावळवी संपली. पत्ता हलवल्यावर काही मिनिटं एखादं यंत्र जुन्याच कार्डाच्या आठवणीत राहील. ते बंद करून चालू करा.

पोर्ट बदलता येतच नसेल, तर तोच नियम नव्या मशीनवर लिहा: .१० च्या ८०८१ वर ऐक, १२७.०.०.१ च्या ९०९० ला जोड. सॉफ्टवेअर स्वतःच्या अंतर्गत पत्त्यावर ऐकत नसेल तर तिथे .२५ लिहा. लॉगमध्ये सगळे एकाच पत्त्यावरून दिसण्याचा दोष राहतो, पण अडत्याची वेगळी पेढी बंद होते. जुन्या मशीनवरचा नियम काढताना डिलीट व्ही४टूव्ही४ मध्ये लिसनचा पत्ता आणि पोर्ट जसे लिहिले होते तसेच द्यावे लागतात. ‘रीसेट’ लिहिलंत तर त्या मशीनवरचे सगळेच पोर्टप्रॉक्सी नियम जातात, दुसऱ्या कुणी केलेलेसुद्धा. त्याआधी नेटएसएच इंटरफेस पोर्टप्रॉक्सी डंप चं उत्तर एका फाइलमध्ये साठवा.

नवं मशीन लिनक्स असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथे आयपीटेबल्स या फायरवॉलच्या साधनात, नॅट (पत्ता-पोर्ट बदलण्याच्या) टेबलच्या प्रीराउटिंग साखळीत, म्हणजे बाहेरून पाकीट येताच लागणाऱ्या नियमांत, ८०८१ साठी रिडायरेक्टचा एक नियम लिहिला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पाकिटावरचा पोर्ट क्रमांकच बदलतो. मध्ये दुसरी जोडणी नसते, त्यामुळे काउंटरचा खरा पत्ता लॉगमध्ये टिकतो, आणि मागे कुणी ऐकत नसेल तर नकार थेट काउंटरला जातो. आयपीटेबल्स २००१ च्या २.४ कर्नलपासून आहे, तिचा वारस एनएफटेबल्स २०१४ च्या ३.१३ पासून, तत्त्व एकच. एक खोच आहे: मशीनने स्वतःशी केलेली जोडणी प्रीराउटिंगमधून जातच नाही. म्हणजे तुमच्या आजच्या अनुभवाच्या बरोबर उलट, काउंटरवरून चालेल आणि त्याच मशीनवरून चालणार नाही. हाताशी चटकन प्रयोग करायला सोकॅट ही दोन जोडण्या सांधणारी कमांड उत्तम: टीसीपी-लिसन:८०८१,फोर्क,रीयूजॲडर ही एक बाजू आणि टीसीपी:१९२.१६८.१.२५:९०९० ही दुसरी. ‘फोर्क’ विसरलात तर पहिलं गिऱ्हाईक गेलं की दुकान बंद, म्हणजे एक जोडणी संपताच सोकॅटही संपतो.

आता घरून स्टॉक बघण्याचं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून बिलिंग किंवा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा करू नका. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा दोष जाहीर झाला होता: जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. आणि तुमच्याकडे बहुधा ते चालणारही नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत वाटलेल्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे आहात. २०१२ मध्ये हा पट्टा खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. बाहेरून येणारी जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग त्यात कितीही नियम लिहा.

अशा वेळी दुकानाने बाहेर जायचं आणि घरानेही बाहेर जायचं. मध्ये भाड्याचा एक छोटा लिनक्स सर्व्हर घ्या. दूरच्या मशीनशी कुलूपबंद जोडणी लावणारा एसएसएच क्लायंट २०१८ पासून विंडोज १० सोबतच येतो. दुकानातल्या नव्या मशीनवरून:

एसएसएच -एन -आर १२७.०.०.१:१८०८१:१२७.०.०.१:९०९० वापरकर्ता@सर्व्हर

आणि घरच्या लॅपटॉपवरून:

एसएसएच -एन -एल ८०८१:१२७.०.०.१:१८०८१ वापरकर्ता@सर्व्हर

मग घरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ८०८१ उघडा. सगळ्यात जास्त गोंधळ मधल्या पत्त्याचा होतो. ‘-एल’ मधला १२७.०.०.१ हा लॅपटॉप नव्हे. तो भाड्याच्या सर्व्हरच्या नजरेतून वाचला जातो. ‘-आर’ मधला शेवटचा १२७.०.०.१ उलट दुकानातल्या मशीनच्या नजरेतून. भाड्याच्या सर्व्हरवर गेटवेपोर्ट्स ही सेटिंग मुळातच बंद असते, ती तशीच राहू द्या. ती चालू करून आणि ऐकण्याचा पत्ता मोकळा सोडून लोक नकळत आपलं बिलिंग जगापुढे मांडतात.

रात्रीतून नेट गेलं तर एसएसएचचा हा बोगदा, म्हणजे दुकान ते भाड्याचा सर्व्हर ही जोडणी, तुटतो. दुकानाच्या कमांडमध्ये -ओ सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=३० आणि -ओ एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर=यस हे दोन्ही घाला. पहिल्याने मेलेली जोडणी ओळखू येते. दुसरं त्याहून महत्त्वाचं: जुनी जोडणी भाड्याच्या सर्व्हरवर १८०८१ अडवून बसलेली असली, तर नवी जोडणी लागते पण पोर्ट मिळत नाही, आणि एसएसएच एक इशारा देऊन निवांत चालू राहतो. हा पर्याय असला की तो बंद पडतो आणि टास्क शेड्यूलरला पुन्हा सुरू करता येतो. पासवर्डऐवजी किल्ली (एसएसएचची की-फाइल) वापरा, आणि दुकानातल्या किल्लीला सर्व्हरवर शेल, म्हणजे कमांड चालवायची मुभा, देऊ नका, फक्त पोर्ट वळवण्याची मुभा द्या.

तुमच्यासोबत भाऊ, मुलगा, सीए असे तिघंचौघं बघणार असतील तर या बोगद्यांची जुळवाजुळव करण्यापेक्षा त्याच भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड हे खासगी नेटवर्क (व्हीपीएन) बनवणारं सॉफ्टवेअर बसवा. मोबाइलवरूनही चालतं आणि प्रत्येकाला वेगळी किल्ली देता येते. सीए बदलला तर त्याची किल्ली काढली की झालं.

आधी फायरवॉलचा नियम घालून काउंटरवरून बघा. तरीही नाहीच लागलं, तर .१० वरची नेटस्टॅटची ८०८१ ची ओळ, शो ऑल चं उत्तर, आणि काउंटरवर जोडणी लगेच तुटते की बराच वेळ लटकते, एवढं कळवा. नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ तेही बघून ठेवा, कारण फायरवॉलचा नियम हाताने, खिडकीतून केला असेल तर तो यांपैकी एकालाच लागू झालेला असू शकतो.